कोल्हापुरातलं रक्त आणि गारगोटीचा गूळ

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक दोनच प्रश्न विचारतात. मटण खाल्लं का, आणि देवीचं दर्शन झालं का. दोन्ही झालं. पण मी गेले होते रक्त आणायला, आणि हे सांगितलं की समोरचं माणूस जरा मागे सरकतं. त्यामुळे जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि जे नुसतं मटण खाऊन परत आले त्यांच्यासाठीही, हे जरा निवांत लिहिते आहे.

मी डॉक्टर आहे, पण रोगी तपासत नाही. बरीच वर्षं एका प्रयोगशाळेत रक्तातल्या एकाच जातीच्या पेशींच्या मागे लागले आहे. नैसर्गिक मारक पेशी असं त्यांचं नाव. नाव ऐकून वाटतं तशा त्या भांडखोर नसतात, बहुतेक वेळ नुसत्या फिरत असतात. माझा प्रश्न साधा आहे. घरात क्षयाचा रोगी महिनोन्‌महिने खोकत असतो, त्याच्याच खोलीत उठणाऱ्या-बसणाऱ्या एखाद्या माणसाला मात्र जंतूची लागणसुद्धा होत नाही. असं का? या पेशींचा त्यात हात असावा, असा आमचा संशय आहे. म्हणून अशा घरी जायचं, आजारातून उठलेल्याचं आणि त्याच्यासोबत राहिलेल्यांचं रक्त घ्यायचं आणि त्याच दिवशी मोजायचं. शिळ्या रक्तात या पेशी कोमेजतात. कोल्हापुरातल्या एका कॉलेजनं आपली यंत्राची खोली चार दिवस वापरायला दिली होती, म्हणून मीच तिकडे गेले.

गाडी कोल्हापुरात शिरली तेव्हा पहाटेचं धुकं उतरलेलं होतं. उसाच्या ट्रॉल्या धुक्यातून निघत आणि धुक्यातच जात, चालक कुठे दिसेना. हवेला कच्च्या रसाचा वास होता. माझी मुलगी म्हणते, आई, तू जागेपणी झोपतेस. त्या सकाळी तिचं म्हणणं अगदी खरं होतं. हॉटेलवाल्यानं खोलीची किल्ली हातात दिली तरी मी त्याच्याकडे बघत उभीच होते.

शिवाजी पेठ

सर्जेराव वस्तादांचं घर तालमीच्या मागच्या गल्लीत आहे. गल्लीच्या तोंडाशी फुटबॉल संघाच्या पताका, एका ओट्यावर चपलांना टाके घालणारा, दुसऱ्यावर पेंगणारं मांजर. वस्ताद साठीचे. कान कुस्तीत मोडून मुडपलेले, मान आणि खांदा यांत फरक न राहिलेला. सगळी पेठ त्यांना आबा म्हणते, मीही म्हणू लागले.

आजारी होती ती त्यांची सून, शुभांगी. औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा झालेला, थुंकीची तपासणी केव्हाच स्वच्छ आलेली. नवरा विक्रम फौंड्रीत पाळीवर. सासू पूर्वीच गेलेली. त्यामुळे आजारात तिचं औषधपाणी, अंडी, दूध, सगळं आबांनीच पाहिलं. आणि तपासणीत लागणीचा मागमूस नाही तो नेमका आबांच्याच अंगात. माझ्या दृष्टीनं हा माणूस म्हणजे ठेवा होता.

सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीला एक छोटी गुलाबी सायकल खुंटीवर टांगलेली दिसली. पोरगी कुठे, असं मी सहज विचारलं. चार वर्षांची नात शर्वरी, घरातली शरू, आजार कळल्याबरोबर शुभांगीच्या माहेरी गारगोटीला पाठवली होती. तिला प्रतिबंधाची औषधं दिली, तीही संपली, पोरगी ठणठणीत आहे. मग अजून आणली का नाही, असं विचारताच आबांचा आवाज चढला.

"माझ्या परवानगीबिगर पोरगी ह्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय. आधी तुमचा रिपोर्ट येऊ दे. घरात कुणाच्या अंगात किती जोर हाय ते दिसू दे, मग बघू."

शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आजार सरून गेला तरी तोंडावर मास्क होता. मला आबांचा खरंच राग आला. डॉक्टरांनी परवानगी देऊन झाली होती, आणि हा गडी आई आणि लेकीच्या मध्ये आडवा पडला होता.

राग आला तरी जेवण चुकलं नाही. मी रेवदंड्याकडची. आमच्याकडे पाहुण्याला आधी हळू आवाजात विचारतात, जेवणार ना? इथे तसा प्रश्नच नसतो. पांढरा रस्सा मायाळू निघाला, तांबड्यानं मात्र दुसऱ्याच घोटाला माझ्या डोळ्यांना धार लावली. आबा म्हणाले, "पावणं, आत्ताच कशाला रडताय, मटण अजून वाढायचं हाय." शुभांगी मास्कच्या आत हसली, ते डोळ्यांवरून कळलं. ती आमच्यात जेवायला बसली नाही. तिचं ताट ती आत घेऊन गेली.

जेवताना मी माझ्या पेशींची गोष्ट सांगितली. क्षयाचा जंतू आपल्याच पेशीच्या पोटात जाऊन लपतो. शरीरातले बाकीचे लढवय्ये आधी शत्रूची ओळख करून घेतात, त्यात आठवडे जातात. माझ्या पेशी थांबत नाहीत. फिरता फिरता एखादी पेशी बिघडली आहे हे त्यांना बाहेरूनच उमगतं. मग त्या तिला संपवतात, नाहीतर तिला डिवचून आतला जंतू तिच्याकडूनच मारून घेतात. कुणी शिकवलेलं नसतं, जन्मतःच येतं. आबांनी हातातलं हाड खाली ठेवलं आणि लक्ष देऊन ऐकलं. म्हंजे तालमीतल्या पोरांगत, असं म्हणून त्यांनी ही पोरं रक्तात मोजता येतात का असं विचारलं. येतात, म्हटलं. ते पुन्हा जेवू लागले, पण त्यांच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

सकाळी मी रक्त घ्यायला गेले तर आबा ओल्या केसांनी तयार बसलेले. दंड कढत, शीर दोरीसारखी वर आलेली. आंघोळ करून आलेत असं मी समजले. शुभांगीनंही निमूट हात पुढे केला. दोन्ही नळ्या घेऊन मी यंत्राच्या खोलीत गेले.

हे यंत्र पेशींना एकेक करून प्रकाशापुढून नेतं आणि पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटवतं. माझ्या पेशी एका कोपऱ्यात जमतात. आबांचा कोपरा भरून वाहत होता. इतके ठिपके मी कोणाच्याच रक्तात पाहिले नव्हते. दुपारभर मी तरंगत होते. हाच तो माणूस, हेच ते उत्तर, असं मनात घोळवत मी कॉलेजच्या आवारात चिंचेखाली बसून राहिले. चहावाल्यानं दोनदा विचारलं, बाई, बरं वाटतंय न्हवं?

दूधकट्टा

संध्याकाळी आबा मला कट्ट्यावर घेऊन गेले. इथे म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून देतात. फेसाळ, कोमट दूध. आजूबाजूला पोरं गटागटा पीत होती. आबांनी मला भला मोठा पेला दिला. कच्च्या दुधातूनही क्षय येऊ शकतो. क्षयावर काम करणाऱ्या बाईनं न तापवलेलं दूध पिणं म्हणजे आचाऱ्यानं आपल्याच खानावळीला नावं ठेवण्यासारखं. मी चाचरत म्हटलं, हे जरा उकळून मिळेल का? म्हशीच्या मालकानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घराण्यावरच बोललेय. आबांनी माझा पेला स्वतः रिचवला, मिशा पुसल्या आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

मग हळूच विचारलं, जोर दिसला का? दिसला, मी म्हटलं, भरपूर दिसला. ते खुलले. म्हणाले, दिसणारच की, रक्त द्यायच्या आधी तासभर जोर-बैठका काढल्यात.

मी चहा खाली ठेवला. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून समजावून सांगू लागले. "असंच निजलेलं रक्त कसं द्यायचं? पैलवान थंड अंगानं आखाड्यात उतरतो व्हय?"

आता यातली गंमत अशी की त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. कसून व्यायाम केला की या पेशी कानाकोपऱ्यातून रक्तात धावून येतात, आणि अंग निवलं की आपापल्या जागी परत जातात. आबांनी माझ्या पेशींना तालमीतून रस्त्यावर काढलं होतं आणि मी रस्त्यावरची गर्दी मोजून गावची लोकसंख्या ठरवत बसले होते. चूक माझीच. पुण्यात मी सगळ्यांना विचारते, जिना चढून आलात का, धावत आलात का. जोर काढलेत का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? मला आधी हसू आलं, मग दुपारचं तरंगणं आठवलं. पुन्हा रक्त द्यावं लागेल, आणि त्याआधी तासभर नुसतं बसावं लागेल, असं मी सांगितलं. आबांचा चेहरा उतरला. नुसतं बसायचं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

रंकाळा

घरी ते बसले असते तर गल्लीतल्या प्रत्येकानं हाक मारली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना गाडीत घालून रंकाळ्यावर आणलं आणि दगडी कट्ट्यावर बसवलं. पाण्यावर धुकं इतकं दाट की पलीकडचा काठ नव्हताच. मधेच एक बगळा त्यातून निघून यायचा आणि त्यातच विरघळून जायचा. आबांचा गुडघा हलत होता, मग बोटं, मग पुन्हा गुडघा. हळूहळू सगळं थांबलं. त्या धुक्यात मीही कुठेतरी वाहत गेले. रेवदंड्याची खाडी, माझी आई, ओल्या वाळूत रुतलेली होडी, असं काहीबाही समोरून जात होतं. आबा बोलू लागले तेव्हा आवाज पाण्यावरून आल्यासारखा वाटला. इतका हळू आवाज त्यांच्याकडे असेल असं मला वाटलं नव्हतं.

"डॉक्टरीणबाई, एक सांगतो, तुमच्यापाशी ठिवा. पोरीला मी अडवलेली न्हाय. शुभांगीच आणू देत न्हाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते.

"डॉक्टर सांगून थकलं. विक्रम सांगून थकला. ती म्हणती, माझ्या श्वासानं तिला काय झालं तर मी काय करू. आता हे गल्लीला कळलं तर बायका काय म्हणतील? आईलाच लेकरू नको. म्हणून मी म्हणलं, माझं नाव सांग. सासऱ्यानं अडवलंय म्हण. मला कोण बोलणार हाय."

मग जोर-बैठका कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावंही लागलं नाही. यंत्राच्या पडद्यावर त्यांचा जोर दिसला असता, तर तो ते तिला दाखवणार होते. बघ, रोज तुझ्या उशाशी बसलेला म्हातारा कसा हाय, तुझ्या श्वासानं त्याला कायबी झालं न्हाय. पहिल्या दिवसापासून मी या माणसावर मनातल्या मनात चिडत होते. त्या क्षणी मला त्यांची इतकी माया वाटली की डोळे भरून आले, आणि या वेळी रश्शाचा काही संबंध नव्हता.

रक्त गाडीतच घेतलं. त्यांचा दंड थंडगार होता.

यंत्राची खोली

आबांचं खरं रक्त चारचौघांसारखं निघालं. कोपऱ्यात नेहमीएवढेच ठिपके. ते का वाचले याचं उत्तर त्यात दिसत नव्हतं. पेशी किती आहेत यापेक्षा त्या काय करतात यात काही असेल, किंवा आणखी कुठे असेल. मला माहीत नाही. आमच्या कामात हे वाक्य दिवसातून अनेकदा म्हणावं लागतं, त्या दिवशी मात्र ते जड गेलं.

दुपारी शुभांगी डबा घेऊन आली. भाकरी, वांगं आणि तुमाला सोसंल असं, म्हणून बिनतिखटाची आमटी. डबा ठेवून ती दाराजवळच थांबली. आत ये म्हटलं तर खिडकी उघडी आहे का बघून मग आली. पडद्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, ह्यात माझंबी हाय का.

होतं. तिच्या आजाराच्या सुरुवातीलाही आमच्या माणसांनी तिचं रक्त घेतलं होतं. मी दोन्ही चित्रं शेजारी लावली. पहिल्यात कोपरा विरळ, चार ठिकाणी विखुरलेले ठिपके. दुसऱ्यात कोपरा भरलेला. क्षय जोरात असतो तेव्हा या पेशी रक्तात कमी झालेल्या दिसतात, आणि उपचार पुरे झाले की परत येतात. ती खूप वेळ बघत राहिली.

"ह्या माझी राखण करत्यात," ती म्हणाली. "शरूला काय उपयोग?"

असा सरळ प्रश्न मला बैठकांमध्ये कुणी विचारत नाही. मी म्हटलं, तिला काही उपयोग नाही. तिच्या पेशी तिच्याकडे आहेत. आणि हे चित्र बघून मी तुला परवानगी देऊ शकत नाही, कारण ते सांगण्यासाठी हे चित्र नाहीच. ते तुझ्या थुंकीच्या तपासणीनं केव्हाच सांगितलंय. तुझ्या श्वासात आता काही नाही, शुभांगी.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. मग एकेक करून सांगू लागली. शरू दूध पिताना तिच्या मांडीवर बसायची. खोकला येत होता तेव्हाही बसायची. कुणालाच माहीत नव्हतं काय आहे ते. निदान झालं त्या दिवशी तिला त्या प्रत्येक पेल्याची आठवण झाली. आता फोनवर शरू रोज विचारते, कवा येऊ, आणि ती रोज सांगते, आबा रागावत्यात.

"मला कळतंय सगळं," ती म्हणाली. "पर जवळ घ्यायचं म्हटलं की माझा श्वासच आत ऱ्हातोय."

मला तिचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. तिनं काढून घेतला नाही. जाताना म्हणाली, उद्या गारगोटीला जाऊ. पण लांबूनच बघणार. आबांना सांगू नका मी कबूल झाले म्हणून. मी सांगितलं नाही. आबांना तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं, कारण संध्याकाळी मला त्यांचा फोन आला, गाडी सांगितलीय, आणि पावण्यांनी गुऱ्हाळ बघितल्याबिगर जायचं नसतं.

गारगोटीची वाट

हा माझा शेवटचा दिवस. रस्ताभर ऊस. तुरे आलेला ऊस उन्हात रुपेरी दिसतो, आणि वारा आला की सगळं शेत एकदम झोपेतून कूस बदलतं. शुभांगी खिडकीशी, मास्क लावून, मांडीवर एका पिशवीत नवीन फ्रॉक. आबा पुढे बसून चालकाला रस्ता सांगत होते, जो त्याला आधीच माहीत होता. कुणी शरूचं नाव काढलं नाही.

शुभांगीच्या मामांचं गुऱ्हाळ गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला आहे. शुभांगीची आई नातीला घेऊन तिथेच येणार होती. प्रचंड काहिलीत, म्हणजे घमेल्यासारख्या कढईत, रस उकळत होता. वाफ इतकी की माणसं कमरेपासून खालीच दिसत. गोड, जळकट, जरासा ओल्या मातीचा वास. मी त्या वाफेत उभी राहिले आणि खरंच विसरले की मी कशासाठी आले आहे.

मग वाफेपलीकडे शरू दिसली. दोन शेंड्या, नाक वाहतंय, आज्जीचा पदर धरलेली. आईला बघून ती धावली, आणि दहा पावलांवर येऊन गप्पकन थांबली. आईपासून लांब उभं राहायचं, हे आज्जीनं तिला आजाराच्या दिवसांत शिकवलेलं होतं. शिकवलेलं ती विसरली नव्हती. शुभांगीही चिपाडांच्या ढिगाऱ्याशी जागच्या जागी उभी राहिली. तिनं फ्रॉकची पिशवी पुढे केली, आणि मधे अंतर आहे हे लक्षात आल्यावर हात तसाच हवेत राहिला. मी आयुष्यभर किती जंतू आणि किती पेशी मोजल्या असतील. ते अंतर मोजायला मला नको वाटलं.

आबांनी घसा खाकरला आणि उसाच्या फडाकडे तोंड फिरवलं. मामांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी काहिलीतून उतरवलेला गूळ केळीच्या पानाच्या तुकड्यावर घातला आणि नातीच्या हातात दिला. सांभाळ, भाजंल, एवढंच म्हणाले.

शरूनं पान या हातातून त्या हातात घेतलं. आज्जीकडे पाहिलं, आबांच्या पाठीकडे पाहिलं. मग पान दोन्ही हातांत तोलत, गुळाकडेच डोळे लावून, ती चालत आली आणि सरळ आईपुढे येऊन थांबली.

"आई, लई गरम हाय. फुंकर घाल."

शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं. ती खाली बसली, शरूच्या उंचीएवढी झाली. तिची बोटं मास्कच्या दोरीत अडकली, सुटली आणि मास्क हनुवटीखाली आला. पोरगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

पहिली फुंकर इतकी हलकी होती की गुळावरची वाफसुद्धा हलली नाही.

"अशी न्हाय," शरू म्हणाली. "मोठी घाल."

शुभांगीनं पोटभर श्वास घेतला. क्षणभर तो आतच राहिला. मग तिनं गाल फुगवून फुंकर घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली, तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी घालत राहिली. शरूनं बोट लावून बघितलं आणि गूळ तोंडात टाकला.